पाळक की पालक

आमच्या उपासना-मंदिरात मागच्या बाकाजवळ विसरलेल्या छत्र्यांचा ढीग असतो. ज्याची छत्री हरवते तो तिथे येतो, ढीग उपसतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्याचीच घेऊन घरी जातो. पाळकसाहेबांच्या किश्शांचं अगदी तसंच झालंय. कोणता कोणावर गुदरला होता, ते आता कोणालाच धड सांगता येत नाही. योनाभाऊंवर गुदरलेला किस्सा मास्तरकाका स्वतःचा म्हणून सांगतात, आणि योनाभाऊ समोर बसून विचारतात, "अच्छा? मग काय झालं?"

पाळक म्हणजे आमच्या बॅप्टिस्ट मंडळीचे पास्टर, रेव्हरंड आनंदराव ढवळे. मूळचे अमरावतीकडचे, पण सारी उमर जबलपुरात गेली. त्यांना जाऊन फार दिवस झालेले नाहीत. इतक्यात असलं हसण्यासारखं लिहायचं म्हणजे मला धडधडतं. तसं मला दार वाजलं तरी धडधडतं. कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं होतं, त्याचा फायदा एवढाच झाला की भीती कशाकशाची वाटते हे आता क्रमवार सांगता येतं.

पण हे किस्से आम्ही उगाच सांगितले नाहीत. कारण होतं, आणि ते कारण म्हणजे बाई.

बाई म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी. साहेब गेले त्या दिवसापासून त्या बोलेनाशा झाल्या. रडल्याही नाहीत. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसायच्या आणि फाटकाकडे बघत राहायच्या. काही विचारलं तर मान हलायची, तीही कधी हो म्हणून आणि कधी नाही म्हणून ते समजायचं नाही. ताट जसं यायचं तसंच आत जायचं. डॉक्टर म्हणाले, यांना आजार काही नाही, पण अशाच राहिल्या तर येईल. काहीही करा, बोलतं करा.

तेव्हा साहेबांच्या धाकट्या बहिणीने, सगुणाआत्यांनी, हुकूम काढला की रोज ऊन उतरलं की सगळ्यांनी व्हरांड्यात यायचं. ज्याला रडायचं असेल त्याने फाटकातूनच परत फिरायचं.

"तिच्यासमोर दादाचं बोला," आत्या म्हणाल्या. "आणि सीधं बोला, प्रवचनासारखं नको. ते ऐकून ऐकूनच ती अशी झाली."

*

पहिला मान अर्थातच पाटीच्या किश्शाचा. तो आत्यांचा स्वतःचा. बहुतेक.

बंगलीच्या फाटकावर नवी पाटी लावायची होती. साहेबांनी रंगाऱ्याला लिहून दिलं: 'रेव्ह. आनंदराव ढवळे, पाळक'. रंगारी फुहारा चौकातला, पक्का हिंदीवाला. त्याने 'ळ' उलटासुलटा करून पाहिला, कागद फिरवून पाहिला आणि म्हणाला, "साहब, ये अक्षर तो होता ही नहीं. स्याही फैल गई होगी." त्याने आपल्या बुद्धीने दुरुस्ती केली. ढवळ्यांचे झाले 'ढवले', आणि पाळकाचा झाला 'पालक'.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जवळच्या पाटण गावची एक भाजीवाली डोक्यावर टोपली घेऊन फाटकाशी उभी. शहाणी होती, कोणाकडून तरी पाटी वाचून घेतली होती. तिने हाक दिली, "बाबा! बेचते हो कि खरीदते हो?"

साहेब बाहेर आले. टोपलीत पाहिलं. टोपलीभर पालक! त्यांनी पाटीकडे पाहिलं, पुन्हा टोपलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज तो खरीदते हैं."

त्या रविवारी अख्ख्या मंडळीने घरोघर पालक खाल्ला. पुढच्या आठवड्यात भाजीवाली पुन्हा हजर, आणि सोबत तिची नणंद, तिची वेगळी टोपली. आत्या वैतागल्या. म्हणाल्या, "दादा, ती पाटी काहून नाही बदलत तू?"

साहेब शांतपणे देठं खुडत बसले होते. म्हणाले, "पाळक म्हणजे मेंढपाळच ना? मग मेंढपाळाच्या दारी हिरवा पाला नाही येणार तर काय येणार?"

हे सांगताना आत्या स्वतःच इतक्या हसल्या की उचकी लागली. बाई फाटकाकडे बघत होत्या. पाटी तिथेच होती.

*

या पाटीचं पुढचं प्रकरण मास्तरकाकांच्या शाळेत घडलं. मास्तरकाका म्हणजे आमचे शेजारी. त्यांचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलं आणि इकडचंच झालं. मराठी ते जपून वापरतात, ठेवणीतल्या शालूसारखी.

शाळेत नवे हेडमास्तर आले, लखनौकडचे. पहिल्याच दिवशी वर्गात शिरले आणि एकेका मुलाला उभं करून विचारू लागले, "तुम्हारे पालक कौन हैं?"

आता वर्गात अशी पुष्कळ मुलं होती की ज्यांचे वडील कारखान्यात कामाला आणि सकाळी मुलं उठायच्या आत घराबाहेर. काहींचे गावाकडे. काहींचे नव्हतेच. 'पालक' म्हटल्यावर या मुलांना पाटी तेवढी माहीत. पहिला उभा राहिला आणि म्हणाला, "ढवले साहब." दुसरा म्हणाला, "ढवले साहब." खाटकाचा रहीम उठला, त्यानेही तेच सांगितलं. तिवारींचा मुलगा तर म्हणाला, "वही, फाटक वाले."

हेडमास्तर घाबरले. एका पाद्र्याची इतकी मुलं, आणि तीही सगळ्या जातीधर्मांची! त्यांनी चपराशी पाठवून साहेबांना बोलावून घेतलं, मुलं ओळीने उभी केली आणि आवाज खाली आणून विचारलं, "क्या ये सब आपके हैं?"

साहेबांनी ओळीवरून नजर फिरवली. रहीमचं बटण तुटलं होतं, ते पाहिलं. मग म्हणाले, "नाम तो मेरा ही बता रहे हैं. बच्चे झूठ थोड़े ही बोलेंगे."

तेव्हापासून कोणी काच फोडली की निरोप साहेबांना. कोणी गणितात नापास, निरोप साहेबांना. वर्ष संपलं आणि निकालाच्या दिवशी सगळी ओळच्या ओळ बंगलीवर आली. साहेबांनी एकेकाचे मार्क ऐकले. शेवटचा ऐकून झाल्यावर ते खुर्चीत मागे टेकले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे प्रभो, त्या रंगाऱ्याला क्षमा कर. माझ्याच्यानं होऊन नाही राहिलं."

*

मग आत्या माझ्याकडे वळल्या. माझं नाव शांता. हे नाव ठेवणाऱ्याला माझ्याविषयी काही ठाऊक नव्हतं, असं साहेब नेहमी म्हणायचे.

माझा किस्सा माझाच आहे, कारण तो उसना घ्यायला कोणी तयार होत नाही. आम्ही वर्ध्याहून नुकतेच आलो होतो आणि हिंदी म्हणजे जरा वाकडी केलेली मराठीच, अशी माझी समजूत होती. पहिल्याच रविवारी हिंदी उपासना. मी मुलींच्या बाकावर. साहेब उपदेशाला उभे राहिले, आणि उपदेश करता करता त्यांनी थेट आमच्या बाकाकडे बोट केलं.

"इन लड़कियों को शिक्षा मिलनी चाहिए," ते म्हणाले. "हर एक को. एक भी नहीं छूटेगी!"

मी केलं तरी काय होतं? आदल्या दिवशी शाई सांडली होती, पण ते यांना कोणी सांगितलं? मी शेजारच्या मुलींकडे पाहिलं, तर त्या खुशीत माना डोलावत होत्या. तेवढ्यात साहेबांनी आवाज चढवला, "माँ-बाप रोकेंगे, पड़ोसी रोकेंगे, मगर हम नहीं रुकेंगे!"

मी उठले आणि पळाले. बाहेर टांगा उभा होता, त्याच्या सीटखाली घुसले. टांगेवाला पान खाऊन आला आणि सवारी मिळाली म्हणून निघाला पार चेरीताल मोहल्ल्यात! तिथे माझी शिंक ऐकून घोडा बिचकला, टांगेवाला बिचकला, आणि सवारीतल्या आजीबाई तर खालीच उतरल्या.

परत आणलं तेव्हा साहेब पायरीवर वाट बघत उभे होते. मी हुंदके देत सांगितलं, शाई मांजराने सांडली. त्यांना आधी काही कळेना. मग कळलं, आणि ते पायरीवर बसून इतके हसले की चष्मा पडला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला त्या पायरीवर समजलं.

पुढे मॅट्रिक झाल्यावर माझे वडील म्हणू लागले की आता बस झालं. तर साहेब भर दुपारी आमच्या घरी आले आणि माझ्या देखत म्हणाले, "शांताला शिक्षा झालीच पाहिजे. आणि चांगली चार वर्षांची."

वडिलांनी मान्य केलं. तर्कशास्त्राचा पहिला पेपर हातात पडला तेव्हा मला पटलं की मराठीतला अर्थही काही चूक नव्हता.

मास्तरकाका हसले. योनाभाऊ मांडी थोपटून हसले. मी चोरून बाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला, बस. आत्यांनी मला खूण केली, की चालू दे.

*

सायकलचं तर जबलपुरात लहान पोरालाही माहीत होतं. तिला ब्रेक नव्हते. घंटी मात्र अशी की आगीचा बंब आला असं वाटावं. एकदा उतारावर ती माझ्यामागे वाजली आणि मी सरळ गटारात उडी घेतली. साहेब पुढे जाऊन एका गवताच्या गाडीत थांबले, अंगावरचं गवत झटकत परत आले आणि मला हात देऊन वर काढलं.

मी म्हटलं, "साहेब, आधी ब्रेक लावून घ्या ना."

"कशाला?" ते म्हणाले. "घंटी ऐकून लोक स्वतःच बाजूला होतात. ब्रेक लावले तर माणसांवरचा विश्वास उडेल माझा."

*

आता योनाभाऊ. रेल्वेत गार्ड. अंगाने असे की डब्यात चढले तर झुकाव इंजिन ड्रायव्हरला समजतो, असं मास्तरकाका म्हणतात. आणि साहेब उसाच्या कांडीसारखे. आता आम्हा बॅप्टिस्टांत डोक्यावर चार थेंब शिंपडून भागत नाही. बाप्तिस्मा म्हणजे माणूस अख्खा पाण्याखाली गेला पाहिजे आणि अख्खा वर आला पाहिजे. पहिला भाग सोपा असतो.

तिलवाऱ्याच्या घाटावर थंडीच्या दिवसांत सगळी मंडळी जमली. दोघे कमरेइतक्या नर्मदेत उभे. काठावर आम्ही गात होतो. साहेबांनी एक हात योनाभाऊंच्या पाठीला लावला, एक छातीवर ठेवला, वचन म्हटलं आणि त्यांना मागे टेकवलं. योनाभाऊ गेले. आणि त्यांच्यासोबत साहेबही गेले!

पाणी एकदम सपाट. आमचं गाणं चालूच, कारण थांबायची खूण साहेब करायचे आणि साहेब तर खाली. मला वाटलं, संपलं सगळं. तरी मी वरचा सूर लावून गातच होते, भीतीने तो आणखी वर गेला होता. शेवटी नाववाल्याने उडी घेतली आणि एका हाताने एक, दुसऱ्या हाताने दुसरा, असे दोघांना काठाला आणलं.

नाववाला चांगला माणूस. त्याने दोघांना नीट बसवलं आणि अदबीने विचारलं, "साहब, होना किसका था?"

साहेबांनी तोंडातलं पाणी थुंकलं. म्हणाले, "इनका. मेरा मुफ़्त में हो गया."

त्या दिवसापासून योनाभाऊ सगळ्यांना अभिमानाने सांगतात, "माझा बाप्तिस्मा पाळकसाहेबांनी केला, आणि साहेबांचा मी."

*

बाई अजून गप्पच होत्या. संध्याकाळमागून संध्याकाळ जात होती. आमचे चांगले किस्से संपत आले होते. आत्यांचा चेहरा उतरला होता. आत ताट नेताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "आज पण दोनच घास." मला रात्रभर ते दोन घास दिसत राहिले.

मग मास्तरकाकांनी मोठी तोफ काढली. जेवणाचा किस्सा.

आमच्या गावातल्या मराठी मंडळात दोन तट. एक मास्तरकाकांच्या लोकांचा, जुन्यांचा. दुसरा वऱ्हाडातून नोकरीधंद्याला आलेल्यांचा. वार्षिक जेवणात काय करायचं यावरून दरवर्षी भांडण. जुन्यांना श्रीखंड हवं, वऱ्हाडी मंडळींना पाटवडीचा रस्सा. त्या वर्षी बोलणंच बंद झालं. निवाडा कोणी करायचा? तर कोणीतरी म्हणालं, ढवळेसाहेब करतील. ते पाद्री, आपल्या पंगतीत थोडेच बसणार आहेत. त्यांची जीभ निःपक्षपाती.

साहेबांनी दोन्हीकडचं नीट ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की दोन्ही पदार्थ होतील. पण श्रीखंड वऱ्हाड्यांनी करायचं आणि रस्सा जुन्यांनी.

काय सांगू! श्रीखंडात मिठाचा हात पडला होता, आणि रश्शात साखर. पंगत बसली, पहिला घास गेला, आणि सगळीकडे एकदम शांतता. मग पहिल्यांदाच दोन्ही तटांची माणसं एकमेकांकडे वळून कुजबुजू लागली, आणि विषय एकच होता, ढवळे.

तेवढ्यात दारातून साहेब आत आले. हातपाय धुऊन आले होते. म्हणाले, "मला जागा कुठे आहे?"

कुजबुज थांबली. पाद्री पंगतीत? मास्तरकाकांचे वडील पंगतीच्या टोकाला बसले होते, सोवळ्यात. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी आपल्या पानातल्या श्रीखंडाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. आणि पाट सरकवला.

"या, बसा इथे," म्हातारबुवा म्हणाले. "हे आम्ही एकट्यांनी काहून खायचं?"

*

हा किस्सा संपला आणि आम्ही सगळे हसलो. बाई उठल्या आणि आत गेल्या.

हसू जागच्या जागी विरलं. आत्या माझ्याकडे बघायला लागल्या, जणू श्रीखंडात मीठ मीच घातलं होतं. योनाभाऊ टोपी फिरवत बसले. मला वाटलं, आपण फार हसलो. दुखवलं आपण त्यांना. आता त्या बाहेर येणारच नाहीत.

त्या आल्या. फक्त शाल घेऊन आल्या आणि परत खुर्चीत बसल्या. आणि शांतता अशी लांबली की मला ती सोसेना. मी घाबरले की बोलत सुटते. मी म्हटलं, "आणि ते बाईंच्या मागणीचं! साहेब किती साधे. अमरावतीला स्वतः बाईंच्या वडिलांकडे गेले, वडिलांना विचारलं, वडील हो म्हणाले आणि ठरलं."

हा किस्सा असा मी कोणाकडून ऐकला होता, देवच जाणे.

"वडिलांना नाही," कोणीतरी म्हणालं.

मी दचकले. आवाज घोगरा होता, न वापरलेल्या बिजागरीसारखा. आत्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली.

"वडिलांना त्यांनी विचारलंच नाही कधी," बाई म्हणाल्या. त्या अजून फाटकाकडेच बघत होत्या. "काही पण सांगून राहिले तुम्ही लोक."

योनाभाऊ पुढे सरकले.

"आमच्या घरी जेवायला आले होते. तेव्हा नवे उपदेशक होते. ताटं वाढली, सगळे बसलो. बाबा म्हणाले, प्रार्थना तुम्ही सांगा. बाबा मंडळीचे डीकन, म्हणजे कारभारी होते, मोठे कडक. प्रार्थनेत कोणाची पापणी हललेली त्यांना चालत नव्हती. सगळ्यांनी डोळे मिटले. यांनी सुरुवात केली. अन्नासाठी आभार. घरासाठी आभार. कपाशीसाठी. विहिरीसाठी. आमच्या म्हशीसाठी. संपूनच नाही राहिली. मी एक डोळा उघडला."

"मग?" योनाभाऊ म्हणाले.

"तर समोर यांचे दोन्ही उघडे. सरळ माझ्याकडे."

आत्यांनी पदर तोंडाला लावला.

"थांबले का ते?" मी विचारलं.

"थांबतात कुठे. त्याच आवाजात पुढे म्हणाले, 'आणि हे प्रभो, या घरात आत्ता तुझ्या सेवकाशिवाय ज्या एका व्यक्तीचे डोळे उघडे आहेत, तिला या सेवकासोबत संसार करायचा असेल, तर तिला ते मिटायची बुद्धी दे.' बाबांच्या भुवया कपाळाला गेल्या. आईने दातओठ खाल्ले. पण प्रार्थना चालू, डोळे उघडतात कसे? आणि हे पुन्हा म्हशीवर आले. मग बैलांवर. मग शेजाऱ्यांच्या बैलांवर."

"आणि तुम्ही, बाई? मिटले डोळे?"

बाई पहिल्यांदा आमच्याकडे वळल्या.

"काय करते मग?" त्या म्हणाल्या. "वरण निवून चाललं होतं, आणि हा माणूस आमेन म्हणून नाही राहिला!"